नेमबाज मुलांना कोरडी, तपासलेली हवा मिळण्याची एक जागा हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या जुलैतली गोष्ट. भर पावसात नातीच्या एअर रायफलचा सिलिंडर (छरा उडवणारी दाबलेली हवा यातच असते) पिशवीत घालून मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गॅसच्या दुकानात गेलो. हे लोक वेल्डिंगवाल्यांना गॅस पुरवतात. मी विचारलं, 200 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरून मिळेल का? काउंटरवरच्या मुलाने सिलिंडर उलटासुलटा करून पाहिला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "काका, हवा नाही, पण ऑक्सिजन टाकून देतो. हवेपेक्षा शुद्ध असतो."

माझ्या अंगावर काटा आला. मी 34 वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंप्रेसरवर फिटर म्हणून काढली आहेत. तेलाचा हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लावायचा नाही, हा आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेला धडा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जे जळू शकतं ते त्याच्यात भडकून जळतं. आपल्या नेहमीच्या हवेत तो 21 टक्के असतो. शंभर टक्के ऑक्सिजन दाबाने एकदम आत शिरला की त्या दाबानेच उष्णता तयार होते, आणि व्हॉल्व्हमधलं ग्रीस, रबरी ओ-रिंग, मग खुद्द ॲल्युमिनियमसुद्धा पेट घेऊ शकतं. अशी रायफल नेमबाजाच्या गालाला टेकलेली असते. मी त्या मुलाला बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं. त्याने ऐकून घेतलं, नंतर म्हणाला, "पण काका, याआधी दोन जण विचारून गेले." ते दोघे कोण, त्यांनी पुढे काय केलं, मला माहीत नाही. तेव्हापासून मनात घोळणारं हे पत्र आज लिहितो आहे.

पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात आणि आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये पदक घेतलं, त्यानंतर आमच्या ऐरोलीत ओळखीच्या चार घरांतली मुलं या खेळात उतरली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याआधीच, 2022 मध्ये कैरोला एअर रायफलचा जगज्जेता झालेला. पनवेलला ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांच्यामुळे मुली नेमबाजीकडे वळल्या. आईबाप हौसेने, प्रसंगी कर्ज काढून जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल घेतात. जाकीट येतं, बूट येतात, छऱ्यांचे डबे येतात. त्या रायफलला लागणारी हवा कुठून आणायची, हे मात्र घेताना कोणी सांगत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, हवाच तर आहे, पंक्चरवाल्याकडे भरू. म्हणून आकडे सांगतो. मोटारीच्या चाकात 32-35 पीएसआय हवा असते. रायफलच्या सिलिंडरला 200 बार लागतात, म्हणजे जवळजवळ 2900 पीएसआय, चाकाच्या सुमारे नव्वद पट. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर फार तर दहा बारला थकतो. आपल्या रिक्षांच्या टाकीत सीएनजी ज्या दाबाने भरतात, तो दाब हा. रिक्षा भरताना प्रवाशांना खाली उतरवतात, यावरून त्या दाबाची कल्पना यावी.

उपाय तीन आहेत आणि मी तिन्ही करून पाहिले आहेत.

पहिला हापसा. सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण आत तीन टप्पे असतात. एका टप्प्याने दाबलेली हवा दुसरा आणखी दाबतो, मग तिसरा. नातीच्या रायफलचा सिलिंडर साधारण 200 मिलिलिटरचा. तो 70 बारवर आला की पुन्हा भरायचा. 70 वरून 200 वर न्यायला बाहेरची 26 लिटर हवा आत कोंबावी लागते. माझ्या हापशाचे त्याला सव्वाशेच्या आसपास दट्टे लागतात. दीडशे बारच्या पुढे मला माझं 64 किलो वजन दांड्यावर टाकावं लागतं. नात तेरा वर्षांची, 38 किलोची. ती दांड्याला लटकते, तरी दांडा हलत नाही. आणि तो तिने हलवावा असं मला वाटतही नाही, कारण एअर रायफलमध्ये दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. सव्वाशे दट्टे मारलेल्या खांद्याने तो टिपायचा कसा? एकदा सरावाआधी घाईत तिच्या बाबांनी आणि तिने मिळून हवा भरली. त्या दिवशी तिचे हात पाऊण तास थरथरत होते.

दुसरा उपाय मोठ्या टाकीतून भरण्याचा. पाणबुड्यांच्या पाठीवर असते तशी बारा लिटरची टाकी आणायची, तिला नळी आणि दाब दाखवणारं घड्याळ लावायचं आणि रायफलच्या सिलिंडरमध्ये हळूहळू हवा सोडायची. फार सोपं. पण टाकी 200 बारची असेल तर प्रत्येक वेळी तिचा दाब दोन-सव्वादोन बारने उतरतो. दहा वेळा भरल्यावर ती 180 च्या घरात येते आणि त्याहून जास्त दाब ती रायफलला देऊच शकत नाही. आगीत शिरताना अग्निशमनचे जवान पाठीवर घेतात ती 300 बारची, 6.8 लिटरची हलकी टाकी असेल तर वीसेक वेळा पूर्ण 200 मिळतं. इथे आट्यांचं भान ठेवावं लागतं. 200 बारच्या जोडणीला पाच आटे असतात, 300 बारच्या जोडणीला सात. कोणी "बसतंय ना, मग चालतंय" म्हणाला तर त्याच्या हातात टाकी देऊ नये. आणि ती टाकी रिकामी झाली की पुन्हा भरायची कुठे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

तिसरा उपाय बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर. आता ऑनलाइन घरपोच येतो. मोटारीच्या बॅटरीवर चालतो, दहा-पंधरा मिनिटांत सिलिंडर भरतो. आमच्या क्लबातल्या बहुतेक पालकांनी तोच घेतला आहे. आणि माझी सगळ्यात मोठी काळजी तीच आहे. कारण आहे पाणी.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण एवढं कळलं तरी अनेकांच्या रायफली वाचतील. ठाणे-नवी मुंबई खाडीच्या दोन काठांवर वसलेली. पावसाळ्यात आपल्या हवेची आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या आसपास असते. 30 अंशांना अशा एका घनमीटर हवेत 25-26 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असतं. बारा लिटरची टाकी 200 बारला भरली की तिच्यात बाहेरची सुमारे 2400 लिटर हवा गेलेली असते. म्हणजे त्या हवेबरोबर आलेलं पाणी 60 ग्रॅमच्या आसपास, कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. बारा लिटरच्या जागेत वाफ म्हणून अर्धा ग्रॅमसुद्धा मावत नाही. बाकीचं सगळं पाणी होऊन वाटेत निथळतं. चांगल्या कंप्रेसरला ते वेगळं करणारा सेपरेटर असतो, त्याचा कॉक दर काही मिनिटांनी उघडून पाणी काढून टाकायचं असतं, पुढे ओलावा शोषणारे दाणे आणि तेलाचा वास धरणारा कोळसा असलेला फिल्टर असतो. छोट्या कंप्रेसरला बोटाएवढी नळी आणि तिच्यात कापसाची एक गुंडाळी, संपलं. माझ्या हापशाच्या तोंडाशी निळ्या सिलिका जेलची डबी आहे. उन्हाळ्यात ते दाणे महिनाभर निळे राहतात. जुलैत दुसऱ्या भरण्यालाच गुलाबी झाले.

गेल्या दिवाळीच्या सुमारास नातीचे शॉट खाली पडू लागले. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. रात्र रात्र आरशासमोर उभी राहून पवित्रा तपासायची. प्रशिक्षकांनाही तसंच वाटलं. शेवटी मी रायफल घेऊन एका जाणत्या मेकॅनिककडे गेलो. त्याने सिलिंडर पूर्ण रिकामा केला, दोनदा खात्री केली, मग व्हॉल्व्ह सोडवला आणि सिलिंडर माझ्या पांढऱ्या रुमालावर पालथा धरला. काही क्षण काहीच नाही. मग एक थेंब पडला, त्यामागून दुसरा. तांबूस, चिकट, जुन्या इंजिनाच्या तेलाचा वास असलेला. व्हॉल्व्हच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि रायफलच्या आतला रेग्युलेटर, जो 200 बारचा दाब प्रत्येक शॉटला सारखाच करून देतो, तो पांढऱ्या भुकटीने अडकलेला. तो रुमाल मी धुतलेला नाही, कपाटात ठेवला आहे. पोरीने दोन महिने स्वतःला दोष दिला, आणि दोष आम्ही पावसाळाभर भरलेल्या हवेचा होता. हे तिला सांगताना मला फार वाईट वाटलं.

आता मागणी. नेमबाजी करणारी मुलं आपल्या दोन्ही शहरांत आहेत आणि वाढणार आहेत. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी मिळून, किंवा वेगवेगळं, एका क्रीडासंकुलात 300 बारचा, श्वसनयोग्य हवा देणारा कंप्रेसर बसवावा, आणि वाजवी पैसे घेऊन नेमबाजांना हवा भरून द्यावी. यात नवं काही नाही. अग्निशमन जवानांचे श्वसनसंच 300 बारचे असतात आणि ते भरायला याच जातीचा कंप्रेसर लागतो. तो चालवणारी, फिल्टर बदलण्याची नोंद ठेवणारी माणसं आपल्या यंत्रणेत आहेत. आठवड्यातून एक सकाळ ठरवून दिली तरी आम्हा पालकांचं काम होईल.

परवान्याची बाब अवघड आहे हे मी जाणतो. गॅस सिलिंडर नियम, 2016 प्रमाणे 500 मिलिलिटरहून मोठं भांडं म्हणजे सिलिंडर, आणि असे सिलिंडर भरायला परवाना लागतो. रायफलचा छोटा सिलिंडर या व्याख्येत बसत नाही, म्हणून घरोघरी तो कोणीही, कशानेही भरतो. ज्या टाकीतून तो भरायचा ती मात्र नियमात येते. म्हणूनच हे काम एखाद्या उत्साही पालकाने गॅरेजात करू नये, सार्वजनिक संस्थेने करावं. परवाना देणाऱ्या 'पेसो'चं (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं) पश्चिम विभागाचं कार्यालय तर आपल्याच सीबीडी बेलापूरला, सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे.

तोवर पालकांना हात जोडून सांगतो. ऑक्सिजन कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून भरू नका. ऑक्सिजनची काळ्या अंगाची टाकी दिसली की मागे फिरा. सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते, ती वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतही चालत नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना आधी ती तारीख पाहा. भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा, घड्याळाचा काटा मुंगीच्या चालीने चढला पाहिजे. घाईने भरलं तर सिलिंडर तापतो आणि निवल्यावर दाब वीस बारने खाली आलेला दिसतो. नळी काढण्याआधी तिच्यातला दाब सोडा. छोटा कंप्रेसर असेल तर कापूस दर वेळी बदला आणि पावसाचे चार महिने जमल्यास तो वापरूच नका.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावं. मी निवृत्त आहे, वेळ आहे. महापालिकेने अशी सोय उभी केली तर पहिली दोन वर्षं रोज सकाळी येऊन कंप्रेसरचं पाणी काढायला, फिल्टर बदलायला आणि वही लिहायला मी विनामोबदला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर आणि नेमबाज मुलीचा आजोबा
ऐरोली, नवी मुंबई