रंगकामाला पिण्याचे पाणी कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराचे सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यावे, हे सांगायला हे पत्र. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाय हाऊसमध्ये मी एकतीस वर्षे रंगकाम केले. टॉवेलचे आणि चादरींचे सूत रंगवायचे. आधी ब्लीचिंग, मग रंग, मग साबणाचे उकळते पाणी आणि शेवटी रंग उतरायचा थांबेपर्यंत धुलाई. एक किलो सूत तयार होऊन बाहेर पडेपर्यंत शंभर लिटरच्या आसपास पाणी लागायचे. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा सरकारी निकष आहे. म्हणजे एका चादरीमागे जवळपास एका माणसाचे दिवसभराचे पाणी आम्ही वापरत होतो. दिवसभर हे करून घरी यावे तर तिथे पाणी चार-पाच दिवसांआड. आजही पाण्याच्या दिवशी आमच्या पूर्व भागात पहाटेपासून मोटारींचा आवाज सुरू होतो आणि विड्या वळणाऱ्या बायकांचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे सगळी भिस्त उजनी धरणावर. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे वापराचा साठा संपून तळाचा मृतसाठा उपसावा लागला, दुबार-तिबार पंपिंग करावे लागले, हे कोणी विसरलेले नसेल. शहरासाठी जिथून पाणी उचलतात त्या औज बंधाऱ्यात पाणी पोचवायचे म्हणून भीमेत एका वेळी पाच-सहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडावे लागत आले आहे आणि त्यातले शहराच्या वाट्याला थोडेच येत आले आहे. एवढ्या लांबून, एवढी नासाडी सोसून आणलेले पाणी आपण एकदा वापरतो आणि नाल्याला देतो.

घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. निकषाने हिशेब केला तर रोजचे दहा कोटी लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. प्रत्यक्षात नळाला पाणी कमी येते, म्हणून हा आकडा खाली येईल. निम्मा धरा. तरी पाच हजार टँकर होतात. आणि ते दुष्काळातही आटत नाहीत, कारण शहर जगवायला काही ना काही पाणी आणावेच लागते. देगाव, कुमठे आणि प्रतापनगर येथे प्रक्रिया केंद्रे उभी आहेत. तिथून बाहेर पडणारे पाणी कुठे न्यायचे, हा माझा विषय आहे.

‘गटारीचे पाणी’ म्हटले की लोक नाक मुरडतात. ते पाणी कोणी प्यावे असे मी म्हणत नाही. पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या शहराने वापरलेले पाणी आपण शुद्ध करून पितो. मग आपलेच वापरलेले पाणी शुद्ध करून सुताला लावायला कसली अडचण?

अडचण आहे, पण ती किळसेची नाही. ती क्षारांची आहे, आणि याबद्दल मला थोडे अधिकाराने बोलता येते. बोअरचे जड पाणी वापरले की शेड, म्हणजे रंगाची छटा, नीट बसत नाही. एकाच लॉटमधले दोन हँक (सुताच्या लड्या) शेजारी धरले तर वेगळे दिसतात. गडद निळ्या-काळ्यात ते खपून जाते, पण पांढऱ्यात आणि फिक्या गुलाबीत लगेच दिसते आणि माल परत येतो. म्हणून तर डाय हाऊसमध्ये पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवतात आणि मालक टँकरवर पैसे घालतात. सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत घाण निघते, वास जातो, पण विरघळलेले क्षार तसेच राहतात. त्यासाठी पुढचा टप्पा लागतो, बारीक गाळणी आणि आरओचा. सुरतेत बामरोलीच्या केंद्रात तो बसवला आणि २०१४ पासून पांडेसऱ्याच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना रोज चार कोटी लिटरपर्यंत पाणी द्यायची सोय केली. तिथले कापड बहुतेक कृत्रिम धाग्याचे आणि रंगही वेगळे, पण चांगल्या पाण्याची गरज तिथेही तीच आहे. आरओनंतर मागे उरणारे खारट पाणी मात्र नाल्यात सोडून चालणार नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनी त्याने चोपण होतील. त्याची सोय योजनेत पहिल्या दिवसापासून हवी, नंतर जोडलेली नको.

वीज प्रकल्पांचेही तेच. नागपूरच्या भांडेवाडीचे प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांना असे पाणी वापरणे बंधनकारक आहे, आणि त्याचा खर्च वीजदरात धरायची मुभाही आहे. फताटेवाडीचा १३२० मेगावॉटचा एनटीपीसी प्रकल्प आपल्या शहराच्या अगदी शेजारी आहे. त्याचे पाणी उजनीहून येते. या धोरणाप्रमाणे त्यातले किती पाणी सोलापूरच्या सांडपाण्यातून भागवता येईल, हे महापालिका आणि प्रकल्पाने एकत्र बसून लोकांना सांगावे.

नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना मात्र यात विसरू नये. उन्हाळ्यात तेच पाणी मोटारीने उचलून ते पीक वाचवतात. सगळे पाणी पाइपात घालून कारखान्यांकडे वळवले तर त्यांनी काय करायचे? शिवाय प्रक्रिया न झालेल्या पाण्यावर वाढलेली मेथी-कोथिंबीर शेवटी आपल्याच मंडईत येते. चांगली प्रक्रिया झालेल्या पाण्यातला ठरलेला वाटा चाऱ्याला आणि उसाला राखून ठेवला तर त्यांचेही भागेल आणि आपल्या पोटालाही धोका राहणार नाही.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी रोज फाटकावरच्या फळ्यावर लिहावी: बीओडी (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप) किती, क्षार किती, क्लोरीन किती. बांधकामाला आणि रस्त्याच्या कामाला तिथूनच टँकर द्यावेत. त्याला आरओची गरज नाही, हे उद्यापासून होऊ शकते. आणि कुमठ्याचे केंद्र अक्कलकोट रोड एमआयडीसीला त्यातल्या त्यात जवळ आहे, तिथून वेगळी पाइपलाइन टाकायला किती खर्च येईल आणि कारखान्यांना लिटरमागे काय दर पडेल, याचा आराखडा करून जाहीर करावा.

गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या मालकांना भेटलो. त्यांना हे सगळे सांगितले. मला वाटले होते, ते सांडपाणी म्हटल्यावर हसतील. ते हसले नाहीत. पाणी कुठून येते याच्याशी त्यांना देणेघेणे नव्हते. पाणी मऊ असेल आणि दर टँकरपेक्षा कमी असेल तर आजच सही करतो, म्हणाले. मग त्यांनी एकच विचारले, “पण मास्तर, रोज येईल का?” मला उत्तर देता आले नाही. ज्यांना देता येईल त्यांनी ते आपल्या दैनिकातून द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रंगकामगार
पूर्व भाग, सोलापूर