पेट्रोलचा दर आणि बाबांची पेन्शन

पुणे, ७ जुलै २०२४

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलेत की पेट्रोल आता परवडण्यापलीकडे गेले, म्हणून स्कूटर झाकून ठेवली आहे आणि येळ्ळूरहून बेळगावात टिळकवाडीला डोळे दाखवायला जाणेही पुढे ढकलले आहे. ते ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. हिशेब कागदावर मांडून दाखवल्याशिवाय तुम्हाला कोणतीच गोष्ट पटत नाही, म्हणून फोनवर वाद न घालता सविस्तर लिहीत आहे. तुमची ओढाताण खरी आहे, परंतु तिचा सगळा दोष पेट्रोलच्या माथी मारला जातो आणि खरे कारण नजरेआड राहते, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात, १५ जूनला, कर्नाटक सरकारने पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि डिझेलवरचाही वाढवला. त्यामुळे पेट्रोल आणि डिझेल दोन्ही लीटरमागे सुमारे तीन रुपयांनी वाढले, आणि शंभरच्या उंबरठ्यावर अडलेला पेट्रोलचा दर एका रात्रीत १०३ च्या आसपास पोहोचला. सीमेवरच्या निपाणी-कोगनोळीच्या पंपांवर महाराष्ट्राच्या गाड्या टाकी भरून घ्यायला येतात, ते याच कराच्या फरकामुळे. तो फरक आता पुष्कळ कमी झाला आहे. शंभरचा आकडा ओलांडला की मनाला जो चटका बसतो तो मी समजू शकते. पण तीन रुपयांची वाढ म्हणजे तीनच टक्के, आणि नुसत्या तीन टक्क्यांनी कोणाची स्कूटर बंद पडू नये.

म्हणून मी दहा वर्षे मागे गेले. राज्याराज्यांतील कर वेगवेगळे असल्यामुळे तुलनेसाठी दिल्लीचा दर धरला आहे. आपल्याकडचा दर त्याहून काही रुपयांनी अधिक असतो, एवढे लक्षात ठेवावे. मे २०१४ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७१.४१ रुपये लीटर होते, आज ते ९४.७२ रुपये आहे, म्हणजे वाढ सुमारे ३३ टक्के. याच काळात सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक, ज्यात धान्य, डाळी, औषधे, घरभाडे असे सगळे मोजले जाते, तो सुमारे ६० टक्क्यांनी वाढला. पेट्रोल इतर वस्तूंच्या चालीने वाढले असते, तर दिल्लीत ते आज ११४ रुपये झाले असते. अर्थात कोणते वर्ष धरावे यावर निष्कर्ष फिरतो, हेही सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये कच्चे तेल फार महाग होते, म्हणून तेव्हाचा दर आधीच चढा होता. जानेवारी २०१६ पासून मोजले, जेव्हा दिल्लीत दर ५९ रुपयांच्या घरात उतरला होता, तर पेट्रोल सुमारे ६० टक्के आणि इतर महागाई सुमारे निम्म्याने वाढलेली दिसते. दोन्ही हिशेब खरे आहेत, आणि दोन्हींतून पेट्रोल हा एकटा राक्षस ठरत नाही.

वाढ झाली ती कशामुळे, याचे उत्तर मात्र तुमच्याच बाजूचे आहे. मे २०१४ मध्ये कच्च्या तेलाचे पिंप सुमारे १०६ डॉलरला होते आणि डॉलर ५९ रुपयांच्या आसपास होता. पिंपात १५९ लीटर असतात, म्हणजे लीटरभर कच्च्या तेलाला चाळीस रुपये पडत. आता पिंप ८२-८३ डॉलरला आहे, पण डॉलर ८३ रुपयांवर गेला आहे, म्हणून लीटरला त्रेचाळीस रुपये पडतात. दहा वर्षांत कच्च्या तेलाने जेमतेम तीन-चार रुपये वाढवले. केंद्राचा उत्पादन शुल्काचा वाटा मात्र लीटरला ९.४८ रुपयांवरून १९.९० रुपयांवर गेला आहे. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, कच्चे तेल पिंपाला वीस डॉलरपर्यंत कोसळले असताना हेच शुल्क ३२.९८ रुपयांवर नेले गेले, आणि स्वस्त तेलाचा लाभ ग्राहकापर्यंत आलाच नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ते कमी केले, तरी २०१४ च्या दुपटीवरच राहिले. त्याबद्दलचा तुमचा राग मला योग्यच वाटतो.

आता मिळकतीकडे पाहू, कारण लीटरचा दर एकटा काहीच सांगत नाही. आपल्या शेजारचे हवालदारकाका मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. केंद्र सरकारचे किमान मूळ वेतन १९८६ मध्ये ७५० रुपये होते, १९९६ मध्ये २,५५०, २००६ मध्ये ७,००० आणि २०१६ मध्ये १८,००० झाले. २००६ च्या सुरुवातीला ४३.४९ रुपये दराने त्या किमान वेतनात १६० लीटर पेट्रोल येत होते. २०१६ मध्ये तीनशेहून अधिक येऊ लागले. आज पन्नास टक्के महागाई भत्ता धरून २७,००० रुपयांत २८५ लीटर येते. काकांच्या पेन्शनलाही हाच भत्ता वर्षातून दोनदा लागतो. त्यामुळे पंपावर ते तुमच्याइतकेच कुरकुरतात, पण त्यांची बुलेट रोज सकाळी बाहेर पडते.

गावातल्या रोजगार हमीवर जाणाऱ्या बायांचेही पाहा. कर्नाटकात २०१४-१५ मध्ये त्यांना दिवसाला १९१ रुपये मिळत, आता ३४९ मिळतात. वेस ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडात गेले तर तोच दर २९७ आहे. दिल्लीच्याच दराने मोजले तर त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीत तेव्हा पावणेतीन लीटरही येत नव्हते, आज साडेतीन लीटरहून जास्त येते. तेवढ्यात घर भागते असे मी म्हणत नाही. पण त्यांची मजुरी निदान हलली.

तुमची हलली नाही. उद्यमबागेतील फौंड्रीत उभे आयुष्य भट्टीसमोर काढून २०१४ च्या आरंभी तुम्ही निवृत्त झालात, तेव्हा १,८५० रुपये पेन्शन बांधून मिळाली, आणि आजही तेवढीच येते. तुमची पेन्शन ज्या ‘कर्मचारी पेन्शन योजना, १९९५’ खाली येते, तिच्यात महागाईशी जोडलेली वाढच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, ती अजून तेथेच थांबलेली आहे. ती ७,५०० रुपये करून तिला महागाई भत्ता जोडावा, ही पेन्शनधारकांची मागणी मला अगदी रास्त वाटते. तुमच्या १,८५० रुपयांत मे २०१४ मध्ये दिल्लीच्या दराने २६ लीटर पेट्रोल आले असते, आज साडेएकोणीस लीटर येईल. म्हणजे पेट्रोलने तुमचे साडेसहा लीटर नेले. पण सर्वसाधारण महागाई लावली, तर त्या १,८५० रुपयांची आजची किंमत तेव्हाच्या ११५० रुपयांएवढी उरली आहे. पेट्रोलने नेले त्याहून जास्त डाळीने, औषधांनी आणि दवाखान्याने नेले. पंपावरचा आकडा मोठ्या अक्षरांत रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून शिव्या त्याला पडतात. न वाढलेल्या पेन्शनचा फलक कोठेच लागत नाही.

आई, तुझ्या हिशेबात डिझेल अधिक महत्त्वाचे आहे. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते आणि बाहेरची भाजी आपल्या बाजारात येते, ती डिझेलवरच, म्हणून तेथील तीन रुपये थोडेथोडे तुझ्या पिशवीतही उतरतात. दुसरीकडे, जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे तुझे येळ्ळूरहून शहरात येणेजाणे बसने मोफत झाले आहे. तिजोरी एकच आहे. बाबांच्या टाकीतून काही जाते आणि तुझ्या तिकिटात काही परत येते. मला तो व्यवहार सर्वस्वी वाईट वाटत नाही, परंतु बाबांनी तुझ्याबरोबर बसमध्ये उभे राहून धक्के खावेत, हे मला मान्य नाही.

बाबा, शेवटचा हिशेब किलोमीटरचा. तुमच्या जुन्या चेतकला पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालावे लागे, आणि पुढच्या डिकीतील तेलाचे डाग पडलेल्या वहीत तुम्ही प्रत्येक भरणीचे लीटर व किलोमीटर लिहीत होता. आताची स्कूटर लीटरला पंचेचाळीस किलोमीटर देते. येळ्ळूरहून टिळकवाडीला जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरले, तरी अर्धा लीटर लागत नाही. पन्नास रुपयांच्या आतले काम आहे. एवढ्यासाठी डोळ्यांची तपासणी लांबवणे मला पटत नाही.

म्हणून मी एक ठरवले आहे आणि त्याला नाही म्हणू नये, ही विनंती. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला बेळगावच्या त्या दिवशीच्या दराने दहा लीटर पेट्रोलची रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल. दर वाढला तर रक्कम वाढेल, उतरला तर उतरेल, लीटर दहाच राहतील. जुलैचे १,०३० रुपये आजच पाठवले आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ शनिवारी सकाळची घेतली आहे. मधुमेहाची फाईल आणि जुना चष्मा बरोबर न्यावा. तपासताना डोळ्यांत थेंब घालतील आणि त्यानंतर काही तास गाडी चालवता येणार नाही, तेव्हा धाकट्याला मागे बसवून न्या आणि येताना स्कूटर त्याच्या हाती द्या.

आईने गुडघ्याची गोळी चुकवू नये. पोच फोनवर कळवावी.

तुमची,
थोरली