गुजरीतल्या (कोल्हापूरच्या सराफ गल्लीतल्या) काकांना, विक्रांतच्या मास्टबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात युद्धनौकांची आणि लढाऊ विमानांची मॉडेल्स करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. दागिने घडवता घडवता तुम्ही आम्हाला पितळ कसं हाताळायचं ते शिकवलंत. ते इतरांच्याही कामी यावं, म्हणून आभार असे जाहीरपणे मानतोय.

१:७०० प्रमाणात जुनी विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत साधारण ३०५ मिलिमीटर भरते. खऱ्या जहाजावरचा मीटरभर उंच कठडा इथे दीड मिलिमीटरसुद्धा होत नाही. प्लॅस्टिकचा केला तर तो भिंतीसारखा जाड दिसतो, म्हणून कोरीव पितळी पत्रा लागतो. हा पत्रा कडक. डेकच्या गोल कडेवर सुपरग्लूने चिकटवला की परत सरळ व्हायला बघतो आणि टोकाकडून सुटतो. तुमचा उपाय असा: जेवढं वळण तेवढाच भाग ज्योतीवरून झरकन फिरवायचा, रंग बदलला की बाजूला घ्यायचा, आपोआप निवू द्यायचा. मग ड्रिलच्या दांड्यावर दाबला की वळण धरून राहतो. सरळ कठडे मात्र तापवू नका, हे तुम्ही बजावलंत ते लाखमोलाचं. मऊ पडलेला कठडा रंगवताना ब्रशच्या धक्क्यानेही वाकतो.

मास्टचं, म्हणजे जहाजावरच्या डोलकाठीचं, काम तर नादखुळा! ०.३ मिलिमीटरची पितळी तार, एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं पकडीत धरून किंचित ताणली की एकदम सरळ. जोडाला सोनारकामाची झाळ (सांधायला वितळवायचा धातू) नको, कारण तिला सहाशे अंशांच्या वर आच लागते आणि एवढी बारीक तार ती सोसत नाही. तिथे कथील-शिशाची १८३ अंशांना वितळणारी झाळ, आणि झाळ नीट पसरावी म्हणून टाकणखाराऐवजी राळ. जोड घासून स्वच्छ करायचा, राळ लावायची, खसखशीएवढी झाळ ठेवायची आणि सोल्डरिंग आयर्न जाड तारेला टेकवायचं. झाळ आचेकडे धावते. शेजारचा जोड देताना आधीचा सुटतो, म्हणून त्यावर ओला कापूस. शेवटी राळ स्पिरिटने धुवायची, नाहीतर रंग पापुद्र्याने निघतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर झाळकामाचा दुहेरी फायदा आहे, कारण दमट हवेत सुपरग्लूची वाफ आजूबाजूला बसून पांढुरकी झाक येते.

तार कापण्याआधी तुम्ही विचारलंत, "हे कुठल्या सालचं जहाज?" अगदी नेमका प्रश्न. विक्रांत ४ मार्च १९६१ ला नौदलात आली आणि १९९७ ला निवृत्त झाली. मधल्या काळात तिचं रूप बदललं. पुढचा स्की-जंप, म्हणजे विमान उडण्यासाठी वर चढत जाणारा उतार, सी हॅरियर विमानांसाठी नंतर बसवला. आपलं मॉडेल १९७१ च्या डिसेंबरातलं, म्हणून डेक पुढे सपाट आणि त्यावर विमान पुढे फेकणारा वाफेचा कॅटापल्ट. एका बॉयलरला तडा असतानाही त्या डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार, चितगाववर हल्ल्याला गेली. त्या जहाजाचा मास्ट तुमच्या हातून झाला याचं आम्हाला फार अप्रूप आहे.

आता अलिझे विमानं पंख दुमडून ठेवायची आहेत. १५.६ मीटरचा पंखविस्तार म्हणजे इथे जेमतेम २२ मिलिमीटर, आणि दुमडीला आणखी बारीक तार लागेल. दिवाळीची गिऱ्हाइकी ओसरली की येतो.

आपले,
कोल्हापुरातले मॉडेलवाले