कार्मेलला जाण्याआधी

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

दादाचा फोन आला त्याच्या कितीतरी आधी माझं ठरलं होतं, तेव्हा त्याच्यावर राग काढू नका. पुढच्या महिन्यात मी कार्मेल या कॅथलिक संघाच्या सिस्टरांच्या मठात दाखल होते आहे. समोर बसून सांगायला गेले की आईचे डोळे भरतात आणि माझं बोलणं तिथंच थांबतं, म्हणून हे पत्र.

मी माया तोडून चालले, असं तुम्हाला वाटतंय. थोरल्या मावशीच्या वेळचं सगळं मलाही आठवतं. मी तशी जात नाहीये. याच संघातल्या, स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसानं १५६२ मध्ये आपला पहिला मठ काढला. तिथल्या सिस्टरांना प्रार्थना शिकवण्याआधी तिनं तीन गोष्टी मागितल्या: एकमेकींवर प्रेम, अलिप्तपणा आणि नम्रता. त्यात प्रेम पहिलं. त्यामुळे मला अलिप्तपणाचा अर्थ एवढाच कळतो की माणूस सोडायचं नाही, ते माझ्याच मुठीत राहावं हा हट्ट सोडायचा. तेरेसा १५३५ मध्ये वडिलांचं घर सोडून निघाली तेव्हा अंगातलं हाड न् हाड निखळतंय असं तिला वाटलं. तिनंच ते लिहून ठेवलंय. मलाही सध्या रात्री झोप लागत नाही. पण पुढे त्याच वडिलांना तिनं मूक प्रार्थना शिकवली आणि त्यांच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी राहून सेवा केली.

आमच्या मठातून बाहेर पडणं एवढं सोपं नाही, ते लपवत नाही. मात्र घरी कुणी फार आजारी असेल तर परवानगी मागता येते, मठाच्या प्रमुख मदरना विचारून घेतलंय. शिवाय कायमची व्रतं लगेच नसतात, मध्ये काही वर्षं जातात.

बाबा, तुम्ही लहानपणी आजोबांच्या वाडीत रहाटावर बैल हाकायचात ना? तेरेसानं प्रार्थनेला बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. आधी विहिरीतून हातानं पाणी शेंदायचं, मग रहाट, मग ओढ्याचं पाणी आणि शेवटी पाऊस. पावसात माळ्याला काहीच करावं लागत नाही. हे वाचलं तेव्हा पहिली आठवण तुमची आली. केळीच्या आळ्यात पाणी पोचलं का ते बघायला मला खांद्यावर घेऊन जायचात. आणि आई, रोझरी म्हणताना डुलकी लागते म्हणून तू खंतावतेस. आज्ञेनं स्वयंपाकघरात राबणाऱ्या सिस्टरांना तेरेसा सांगते की प्रभू भांड्याकुंड्यांतही असतो. तू तर आयुष्यभर त्याच्यापाशीच उभी होतीस गं.

माझ्या जेवणाची काळजी नको. मटण-कोंबडी नाही, मासे चालतात. गप्पांचीही वेळ असते, ती तेरेसानंच नियमात घालून ठेवली आहे. पाठीसाठी कडक गादी मिळेल. पत्र लिहिता येतं, तुम्हाला भेटायलाही येता येतं.

आता माझं ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. चर्चमधल्या पहाटेच्या मिस्सेला स्कूटर काढायची नाही, दादा सोडेल. आईनं डोळ्याचं ऑपरेशन पावसाळ्यापर्यंत ढकलू नये. आणि बावखलाजवळच्या, त्या तळ्याकाठच्या जागेवरून काकांशी धरलेला अबोला, बाबा, आता पुरे. तुम्हाला शिकवायला मी मोठी नाही. पण तेरेसाचा सहकारी, क्रूसाचा संत योहान, यानं १५९१ मध्ये, त्याच्याच संघातले लोक त्याला छळत असताना, एका सिस्टरला लिहिलं होतं: जिथं प्रेम नाही तिथं प्रेम घाला, म्हणजे प्रेम मिळेल. काकांनी आधी यावं ही वाट बघू नका. नाताळच्या कुसवारातलं, म्हणजे फराळातलं, एक ताट आईबरोबर घेऊन तुम्हीच जा, आणि काकी काय म्हणाल्या ते मला सविस्तर कळवा.

तुमची,
धाकटी