मुलांची पहिली रायफल त्यांच्या मापाची हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझपदक जिंकलं. तेव्हापासून आमच्या राधानगरी तालुक्यात ‘पोरासाठी रायफल घ्यायची आहे, कुठली घेऊ?’ असं विचारणारे पालक भेटू लागले आहेत. मी निवृत्त शिक्षक आहे, नेमबाज नाही. पण लहान हातात चुकीची बंदूक दिली की काय होतं ते मी दोनदा पाहिलंय, म्हणून लिहितो.

१९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो. उसात रानडुकरं घुसायची, त्यासाठी वडिलांकडे परवान्याची बाराबोर बंदूक होती. एका संध्याकाळी बांधावर उभं करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, काखेच्याही मागं जात होता, नळी सारखी खाली झुकत होती. बार निघाला आणि मी मागच्या पाटात पडलो. खांदा आठवडाभर काळानिळा होता. ‘भ्या मोडाय पायजे’ म्हणून वडिलांनी आणखी चार काडतुसं उडवायला लावली. भीती मोडली नाहीच, उलट चाप ओढायच्या आधी डोळे मिटायची खोड लागली. कॉलेजात एनसीसीची पॉइंट टू टू रायफल हाती आली, तिला धक्का जवळजवळ नसतोच, तरी माझे डोळे मिटतच राहिले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे दिवस संपवले, आणि ते चांगलंच झालं. कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर तर १९५८ पासूनच अभयारण्य आहे. आता आमच्याकडच्या मुलाची पहिली रायफल म्हणजे १० मीटरवरून ४.५ मिलिमीटरचा छर्रा मारणारी एअर रायफल.

नातीनं बाराव्या वर्षी ती मागितली. पोरीचं वजन ३४ किलो. उसाचं बिल आलं त्याच आठवड्यात एका विक्रेत्याकडून मी जुनी जर्मन रायफल घेतली, साडेचार किलोंची, मोठ्या माणसाच्या मापाची. ‘वाढतं अंग आहे, वर्षात बसंल,’ असं तो म्हणाला. शाळेचा गणवेश आपण वाढत्या मापाचा शिवतोच, म्हणून मलाही ते पटलं. पोरीला त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.

उभ्यानं नेम धरताना रायफलीचा भार दंडांनी पेलायचा नसतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून तो हाडाहाडांतून पायांपर्यंत उतरवायचा असतो. दस्ता लांब असला तर मूल मान पुढं ताणतं, रायफल जड असली तर कमरेतून मागं वाकतं. सामन्यात असे ६० नेम सव्वा तासात धरायचे, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा. सहा महिन्यांत नातीची पाठ धरली. ‘आबा, माझंच कायतरी चुकतंय,’ म्हणायची. मीही तिला आणखी सराव कर म्हणत राहिलो, हे आजही मला लागतं.

मग नव्या प्रशिक्षक बाई आल्या. त्यांनी तिला दोन्ही तळहात पुढं करून मध्ये छोटा झरोका धरायला लावला आणि त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. उजवा डोळा मिटला, घड्याळ दिसत राहिलं. डावा मिटला, नाहीसं झालं. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलीचा नेमाचा डोळा डावा होता आणि रायफल उजव्या खांद्याची. ही परीक्षा एका मिनिटाची आहे, घरी चहा उकळेपर्यंत होते. बाईंनी रायफलीचं हवेचं सिलिंडरही तपासलं. त्यात २०० बार दाबाची हवा भरतात, आणि कंपन्या त्याला साधारण १० वर्षांची मुदत देतात. आमच्या सिलिंडरवर कोरलेल्या तारखेनुसार ती मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती. तेच हाताशी धरून पोर रोज उभी राहत होती.

आता ती नेमबाजीच्या रेंजवरचीच हलकी, दस्ता पुढं-मागं सरकवता येणारी रायफल डाव्या खांद्याला लावते. पाठ दुखायची थांबली आहे.

पालकांना हात जोडून विनंती, पहिलं वर्षभर रेंजची रायफल वापरू द्या. विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा मुलाला सोबत न्या, त्याच्या खांद्याला लावून बघा, आणि प्रशिक्षक नको म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा. घरी रायफल कुलपात आणि छर्रे वेगळ्या जागी ठेवा. ठरावीक शक्तीच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं ठरत नाही.

क्रीडा खात्याकडे मागणी एवढीच, की तालुका क्रीडा संकुलांत मुलांच्या मापाच्या चार-चार रायफली तरी ठेवाव्यात, त्यांतली एक डावखुरी. उसाच्या बिलावर घर चालवणाऱ्याच्या पोराला नेम धरून बघायची संधी त्याशिवाय मिळायची नाही.

आमची जुनी रायफल मी सिलिंडर बदलून कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. उजव्या डोळ्याचा, पुरेशा उंचीचा एखादा मुलगा किंवा मुलगी रेंजवर आली, तर तिथल्या प्रशिक्षकांच्या सल्ल्यानं ती फुकट वापरायला द्यायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर