त्या कोंबड्याबद्दल, बाबा

पुणे,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. आमच्याकडे मांस-मासे बंद झाल्यापासून आमच्या जेवणाचा विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. गेल्या आठवड्यात आई हळूच म्हणाली, "ह्यांका वाटता, त्या कोंब्यापायी पोरां दुरावली." ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून बाबा, हे पत्र आधी तुम्हाला.

गेल्या मे महिन्यात आम्ही आलो तेव्हा परसात तो तांबडा कोंबडा होता. तुमच्या नातीने त्याला आठ दिवस कण्या घातल्या. निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "पोरां उद्या जातली, कोंबो व्हयोच." मी लहान असल्यापासून हेच बघत आलोय. माणूस लांबून आलं की घरचा कोंबडा त्याच्यासाठी कापायचा, आपल्या घरात याहून मोठं देणं नव्हतं. मला ते कळतं. नऊ वर्षांच्या पोरीला नाही कळलं. ती नुसते वडे खाऊन उठली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. तुम्ही उठून तिच्याशेजारी जाऊन बसलात, आणि तुमचं अर्धं पान तसंच राहिलं. हे मी पाहिलंय.

परतीच्या एसटीत, फोंडा घाट चढताना, ती एवढंच म्हणाली, "बाबा, रस्सा मला आवडतो. कोंबडा न घालता तो होत नाही का?" तुमच्यावर रागावली असती तर असं विचारलं नसतं. ती तुमच्याकडचीच चव मागत होती. आमच्या घरात पुढे जे झालं ते त्या प्रश्नामुळे झालं आणि त्यात तुमचा काहीही दोष नाही. तुम्ही तो कोंबडा आमच्यावरच्या मायेने कापलात. कृपा करून मनातून ते काढून टाका.

कोणी शपथ घेऊन काही सोडलं नाही. आधी फक्त तिच्या पानातलं बंद झालं. मग दोन-दोन स्वयंपाक होऊ लागले. रोज संध्याकाळी कामावरून येऊन दोन कढया चढवणं आम्हा दोघांनाही झेपेना. शिवाय मी तिच्यासमोर बसून खात असलो की ती माझ्या ताटाकडे बघायची नाही, भिंतीकडे बघायची. तेही मला सहन होत नव्हतं. दिवाळीपर्यंत आम्ही चौघेही एकाच कढईवर आलो. दूध अजून पूर्ण सुटलेलं नाही. चहात ते लागतंच, आणि धाकट्याला दही हवं असतं. होईल तसं होईल.

पण रस्सा हवा होता. तो तिला हवा होता आणि खरं सांगायचं तर तिच्याहून जास्त मला. रविवारी अकरा वाजता कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला नाही तर माझा रविवार सुरूच होत नाही.

सुरुवात सोयाबीनच्या वड्यांनी केली, सगळे तीच करतात. गरम पाण्यात फुगवून, दोन-तीनदा घट्ट पिळून, मगच मसाला लावला तर त्या बऱ्या लागतात. पिळल्या नाहीत तर आतला उग्र वास रश्श्यात उतरतो. प्रथिनं त्यात खूप, कोरड्या वडीच्या निम्म्याहून थोडी जास्तच. पोटाला ठीक, पण दाताखाली मांसासारखं तंतू-तंतू सुटणं त्यात नाही. फणसाच्या कुयरीत ते सुटणं आहे, वाफवून हाताने उसवली की थेट तशीच दिसते. मात्र कुयरीत प्रथिनं नावापुरती. मुलांना वाढवायचं तर रोज कुयरीवर भागणार नाही.

मग मी मैद्यापासून करायला शिकलो. आई, हे तुला नीट सांगतो, कारण तू हे वाचताना कपाळाला आठ्या घालणार हे मला दिसतंय.

एक किलो मैदा घट्ट मळायचा, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. गोळा पाण्यात बुडवून तासभर ठेवायचा. मग त्याच पाण्यात तो दाबत-चोळत राहायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते दुसऱ्या पातेल्यात काढायचं, नवं पाणी घ्यायचं, पुन्हा चोळायचं. चौथ्या पाण्याला वाटतं की गोळा विरघळून गेला, हातात नुसत्या चिंध्या येतात. तिथे सोडायचं नाही. त्या चिंध्या गोळा करून चोळत राहिलं की सहाव्या-सातव्या पाण्याला त्या आपोआप एकमेकींना धरतात आणि पाणी जवळजवळ नितळ होतं. हातात उरतो तो गव्हातला चिवट भाग, म्हणजे ग्लुटेन. किलोभर मैद्यातून असा ओला गोळा अडीचशे-तीनशे ग्रॅम निघतो. चीनमध्ये बौद्ध मठांत मांस खात नाहीत, तिथे हा प्रकार शेकडो वर्षांपासून करतात. जपानी नाव सेइतान असं आहे, आमच्या घरी 'गोळा' म्हणतात.

हे करत होतो तेव्हा सासूबाई नगरहून आलेल्या होत्या. त्या बराच वेळ गप्प बघत होत्या. मग पातेल्यातल्या पांढऱ्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, हा तर चीक! हा ओतू नका." आपल्याकडे कुरडया नसतात म्हणून तुला सांगतो. त्यांच्याकडे उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात तो कुरडयांसाठी ठेवतात आणि चोथा गुरांना जातो. मी चीक ओतून देत होतो आणि उरलेला गोळा ठेवत होतो. त्यांनी पातेलं रात्रभर निवळत ठेवलं. सकाळी वरचं पाणी काढलं आणि हिंग-मीठ-जिरं घालून चीक शिजवून वरून तेल घालून मुलांना दिला. तेव्हापासून मैद्यातलं काही वाया जात नाही. सासूबाई स्वतः माळकरी आहेत. गोळ्याचा रस्सा मात्र त्यांनी चाखला नाही. मटणासारखं दिसतं म्हणून नको, म्हणाल्या. त्यांचंही मला पटलं.

पहिल्या दोन खेपा फसल्या. मी गोळ्याचे तुकडे कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या दिल्या. ते फुगून स्पंजासारखे झाले, चावले की आतून पाणी येई आणि कच्च्या पिठाचा वास. धाकट्याने तोंडातून काढून ठेवला. चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे त्याला खळखळून उकळायचंच नाही. दुसरं, गोळा तसाच कापायचा नाही. आता मी तो अर्धा तास विसावू देतो, लांब ओढून पीळ घालतो आणि पिळाची गाठ मारतो. ओढल्याने आत धागे पडतात, गाठीमुळे ते टिकतात. मग आलं-लसूण-कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटण चोळतो. एका भांड्यात कांदा, लसूण, अळंब्यांचे देठ आणि चमचाभर सोया सॉस घालून पाणी उकळतो, आच अगदी बारीक करतो आणि त्यात गाठी सोडतो. पाऊण तास, पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. त्याच पाण्यात थंड करून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी सुरी लावायची नाही, हाताने फाडायचे. धाग्यावर धागा सुटतो. खोबरेल तेलात कडा लाल होईपर्यंत परतून शेवटची दहा मिनिटं रश्श्यात.

तिसऱ्या खेपेला तिने घास घेतला आणि विचारलं, "ह्यात नक्की काही नाही ना?" मी तिला मळण्यापासून सगळं दाखवलं होतं तरी विचारलं. मग तिने तीन वडे खाल्ले.

नुसत्या ग्लुटेनवर विसंबायचं नसतं हेही वाचून शिकलो. त्यातली प्रथिनं अपुरी पडतात, लायसिन नावाचा एक घटक त्यात कमी असतो. तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून गोळ्याच्या दिवशी सोबत कुळथाची पिठी किंवा मुगाची उसळ असतेच. तू आम्हाला पिठी-भात घालून वाढवलंस, ते वाया गेलेलं नाही. जवसाची चटणी रोज पानात, ओमेगा-३ नावाच्या स्निग्धांशासाठी, मासे नाहीत म्हणून. कडधान्यावर लिंबू पिळतो, त्याने लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा बंद केलाय. बी-बारा जीवनसत्त्व मात्र झाडपाल्यातून भरवशाने मिळत नाही. त्याच्या गोळ्या आम्ही चौघेही घेतो, मुलांच्या मात्रा डॉक्टरांनी ठरवून दिल्या आहेत. बाबा, तुम्ही साखरेसाठी मेटफॉर्मिन इतकी वर्षं घेताय. त्या गोळीनेही बी-बारा कमी होऊ शकतं, मग मासे खाणारा असो वा नसो. पायाला मुंग्या येतात म्हणता ना, पुढच्या वेळी डॉक्टरांना ती तपासणी करायला सांगा. हे विसरू नका.

बाकी प्रकार थोडक्यात सांगतो. धिंगरी अळंबी हाताने फाडून, तव्यावर वजन ठेवून दाबून भाजली की तिचं सुकं फार छान होतं. मला ते गोळ्यापेक्षाही आवडतं. बेसनाच्या पोळ्यात चिमूटभर पादेलोण घातलं की अंड्याचा वास येतो. धाकटा त्याला अंडापोळीच म्हणतो.

माशाचं काय, हे तुम्ही विचारणार. त्याला उत्तर नाही. कच्च्या केळ्याचे काप आगळ-मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळतो, टोफूला समुद्री शेवाळाची पापडी गुंडाळून बघितली, तिरफळं घालून तिखलंही केलं. तिरफळाने डोळे मिटले की क्षणभर आपलं घर आठवतं. पण बांगडा तो बांगडा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या बांगड्याची मला आठवण येते आणि ती येणार, हे मी मुलीलाही सांगितलंय. तिने विचारलं, "मग तुम्ही खा ना, बाबा." मी नको म्हणालो. तिच्यासाठी नको म्हणालो असं नाही. ती त्या पडवीत बसलेली असताना मलाही तो घास गिळवत नव्हता, फक्त मी चाळीस वर्षांचा असल्यामुळे गिळला.

आणि आई, एवढा खटाटोप करून आम्ही शेवटी कुठे पोचलो, सांगतो. श्रावणात तू वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं करायचीस. तेच वाटण, तोच मसाला, वर तोच तवंग. लहानपणी मला ते कोंबडीच्या जागी बसवलेलं काहीतरी वाटायचं आणि मी तोंड वाकडं करायचो. आता आठवड्यातून एकदा आमच्याकडे तेच असतं, गोळा महिन्यातून दोनदाच. नात त्याला 'आजीचा रस्सा' म्हणते. निरफणसाची कापंही तू रव्यात घोळवून अगदी सुरमईसारखी तळायचीस, तेव्हा आम्ही ती माशाआधी संपवायचो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही येतोय. बाबा, तुम्ही तुमचे मासे नेहमीसारखे आणा, आईने ते नेहमीसारखे करावेत. आमच्यासाठी तुमचं पान बदलायचं नाही. नातीला मी सांगितलंय की आजोबांच्या पानाकडे पाहून एक शब्द बोलायचा नाही. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? मला आजोबांजवळच बसायचंय." फक्त आमच्यासाठी म्हणून काही कापू नका, एवढीच विनंती. वाटाणे आदल्या रात्री भिजत घाला. परसातल्या निरफणसाला फळं असतील तर दोन ठेवा. मैदा आणि बाकी सामान मी इथून आणतो. एक दिवस स्वयंपाकघर मला द्या. बाबांनी गोळ्याचा एक तुकडा खाऊन बघावा अशी माझी फार इच्छा आहे. नाही आवडला तर तसं सांगा.

आणि कण्या थोड्या बाजूला काढून ठेवा. ती आल्या आल्या विचारेल.

तुमचो,
झील

ता. क. आई, माझ्या वाटणाचा रंग तुझ्यासारखा येत नाही, करडा येतो. सुकं खोबरं तू कांद्याबरोबर भाजतेस की वेगळं? आणि बडीशेप मसाल्यात आधीच असते की वाटणात पुन्हा घालतेस? फोनवर सांगू नकोस, आल्यावर शेजारी उभी राहून दाखव.