डेपोतल्या काकांना, आमच्या सिल्व्हराडोच्या टायरांबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि फोन काकूंच्या हातात देता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे ओहायोत सेकंडहँड पिकअप घेणारी आपली मंडळी बरीच आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

2012 ची शेव्हरोले सिल्व्हराडो दारात आली, ती टायरचा पिवळा दिवा घेऊनच. गाडी चालू केली की मिनिटभर लुकलुकायचा, मग तसाच पेटून राहायचा. पडद्यावर चारही चाकांच्या हवेचे आकडे दिसतात. त्यात मागच्या उजव्याच्या जागी नुसत्या रेघा, आणि पुढचं डावं कायम कमी. बरं, पुढच्या डाव्यात हवा मारली तर आकडा वाढायचा तो मागच्या डाव्याचा! एका टायरवाल्याला विचारलं. त्याने गाडीकडे धड न बघताच चारही सेन्सर बदलायला सांगितले.

तुम्ही तेव्हा लेकीकडे आला होतात. एसटीच्या डेपोत टायरांत हयात घालवलेला माणूस, पण चाकात सेन्सर असतो हे तुम्हालाही नवीनच. तरी तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "आधी सांग, हा आकडा येतो कुठून?" मी मॅन्युअल उघडलं. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला सेन्सर, त्यात सीलबंद बॅटरी, आणि तो आपल्या ओळख-नंबरासह हवेचा दाब रेडिओवरून गाडीला कळवतो. तुम्ही लगेच पकडलंत: "म्हणजे तो फक्त आपला नंबर सांगतो. कुठल्या चाकावर आहे ते गाडीने लिहून ठेवलेलं. टायर फिरवले आणि रजिस्टरला नोंद केली नाही, तर आमच्याकडेही हाच घोळ व्हायचा."

मग तुम्ही जे केलंत ते मी आता भेटेल त्याला सांगतो. पडदा विसरायचा, साधा गेज घ्यायचा. थंड टायरांवर तुम्ही मुद्दाम चार चाकांत चार वेगळे दाब ठेवायला लावलेत: पुढचं डावं 30, पुढचं उजवं 32, मागचं डावं 34, मागचं उजवं 36. कागदावर चौकट काढून आकडे मांडले. हे सेन्सर गाडी चालायला लागल्यावरच नीट बोलायला लागतात, म्हणून कॉलनीबाहेर जरा वेगात एक चक्कर मारून आलो. पडद्यावर पुढच्या डाव्याच्या जागी 36, पुढच्या उजव्याच्या जागी 34, मागच्या डाव्याच्या जागी 30. बत्तीस कुठेच नाही. तुम्ही कागदावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "मागची सरळ पुढे आणलीत, पुढची तिरकी मागे टाकलीत. जुन्या मालकाने टायर बरोबर फिरवलेत, गाडीला सांगितलं नाही एवढंच."

यातली खरी मेख नंतर माझ्या लक्षात आली. रेघा दिसत होत्या मागच्या उजव्याच्या, पण मेलेला सेन्सर होता पुढच्या उजव्यात. पडद्यावर विसंबून कुणी मागचा टायर रिमवरून उतरवला असता, तर आत धडधाकट सेन्सर निघाला असता आणि मजुरी गेली असती ती गेलीच. सेन्सरची बॅटरी वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. तेव्हा एकच टायर खोलला, एकच सेन्सर घातला.

गाडीला नव्याने ओळख करून देणं मग सोपं होतं. पडद्यावरच्या मेनूतून शिकवणी सुरू केली की हॉर्न दोनदा वाजतो. त्यासाठी मिळणारं छोटं यंत्र व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबायचं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं, याच क्रमाने. प्रत्येक चाकाला हॉर्न एकदा वाजून पावती देतो. पहिल्या चाकाला दोन मिनिटांची मुदत, सगळ्यांना मिळून पाच. तुम्ही घड्याळ धरून उभे होतात आणि मी गाडीभोवती पळत होतो. शेजारी पडदा सारून बघत होते.

दिव्याचा अर्थही तेव्हाच स्पष्ट झाला. लुकलुकून मग पेटला तर यंत्रणेत बिघाड, सरळ पेटला तर हवा कमी. फायरस्टोन कंपनीचे टायर चालत्या गाडीत निकामी होऊन झालेल्या अपघातांचं प्रकरण गाजल्यावर अमेरिकेत 2000 साली कायदा झाला, त्यातून सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला ही यंत्रणा सक्तीची झाली. पण नियमाने दिवा पेटायला हवा तो दाब ठरलेल्यापेक्षा 25 टक्के उतरल्यावर. म्हणजे 35 ची हवा 27 वर आली तरी तो गप्प बसू शकतो. "दिवा नाही म्हणजे हवा ठीक, असं धरायचं नाही," हे तुमचं म्हणणं मला पटलं. तसंच टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा. भरायचा तो दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. आमच्या गाडीचा 35. इथली थंडी पडली की दर दहा फॅरनहाइटला साधारण एक पौंड हवा उतरते, त्यामुळे आता महिन्यातून एकदा सकाळी गेज लावतो.

आणि हो, स्टेपनी. तिच्यात सेन्सर नाही, म्हणून तुम्ही या वयात गाडीखाली वाकून हवा बघितलीत. निम्मीसुद्धा नव्हती! ती भरून ठेवली आहे. तुमचा गेज मात्र इकडेच राहिलाय, डिसेंबरात येतोय तेव्हा घेऊन येईन.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
पिकअपवाला